काटा आणि लाल दिवा

फार पूर्वी, गाणी फितीवर उतरायची तेव्हा, ध्वनिमुद्रणाच्या एका खोलीत आवाज मोजणारा काटा राहायचा. गाण्याबरोबर तो डौलात डुलायचा आणि सगळी बटणं त्याला विचारूनच आवाज वाढवायची. शेजारचा लाल दिवा मात्र बहुतेक वेळ विझलेलाच. "नुसता बसून असतो," काटा म्हणायचा.

एकदा संबळाचं गाणं आलं.

"काटेराव, अजून चढवू?" मोठ्या बटणाने विचारलं.

"चढव की! भरपूर जागा आहे."

बटण फिरलं, तोच संबळावर काडी पडली आणि दिवा लख्खकन पेटून विझला. "थांबा! आवाज फाटेल!" तो ओरडला.

"मला कसं नाही दिसलं?" काटा गुरगुरला.

"तुम्ही सगळ्या गाण्याचा अंदाज घेता, काटेराव. मी फक्त टोला बघतो. तुम्ही उठेपर्यंत तो पडून गेलेला असतो."

पुढच्या टोल्याला काट्याने जीव खाऊन उडी मारली. तो अर्ध्यावर पोचला, तोवर दिवा पेटून विझलासुद्धा होता.

काटा क्षणभर थरथरला. "बटणा, मागे घे," तो म्हणाला. "याचं ऐक."

मग संबळाचा एकेक टोला खणखणीत उतरला, कुठे खरखर नाही. गाणं संपलं आणि काटा दिव्यापुढे खाली लवला.

बटणांना वाटलं, आवाज थांबला म्हणून लवला.