घंटा आणि घळ

डोंगराला पायवाटसुद्धा नव्हती, तेव्हाची गोष्ट. कळपातल्या ज्या शेळ्या दूरच्या घळीत चरायला जात, त्यांच्या गळ्यात धनगर घंटा बांधायचा. हरवल्या तर आवाजावरून सापडाव्यात, म्हणून. त्या वर्षी घंटावाल्या सात शेळ्या तोंडाला फेस येऊन मेल्या.

“घंटाच घात करतेय,” म्हातारा बोकड बांड्या म्हणाला. “बिनघंटेची एक तरी मेली का?”

“भोरी मेली की!” तरणी कपिली उसळली. “तिची घंटा तुटली होती, तरी ती घळीत जायची. आणि आजोबा, तुमच्या गळ्यातही घंटा आहे. पाय मोडल्यापासून तुम्ही घळीत जात नाही, म्हणून जिवंत आहात. शेळ्या तिथे काय खातात, ते बघा ना!”

“काल दूध सुटलं, आज आम्हाला शिकवतेस?”

सगळ्यांनी एकमेकींच्या घंटांच्या दोऱ्या कुरतडल्या. कपिलीच्या आईचीही दोरी तुटली. मग घळीत चरणाऱ्या सगळ्या निर्धास्तपणे तिकडे गेल्या.

संध्याकाळी आई परतली नाही. कपिली घळीच्या तोंडाशी कान देऊन उभी राहिली. आत कण्हेरीची विषारी झुडपं माजली होती. कुठूनही किणकिण आली नाही.

खाली बांड्या कळपाला सांगत होता, “बघा, आज एकही घंटावाली मेली नाही.”