पान आणून देणारा

“म्हणजे प्रोग्रामला सांगायचंच नाही? त्याचं पान जागेवर नव्हतं, हे त्याला कळूच द्यायचं नाही?”

सुयोग मगदूमचा आवाज चढला होता. तांबोळी सरांपुढे आवाज चढवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

सर सोप्यातल्या आरामखुर्चीत बसले होते, मांडीवर खडूंची पेटी. त्यांनी नुसतं वर बघितलं.

“बोला की सर.”

“तूच बोल. मी ऐकतोय.”

हमीद तांबोळी सर मिरजेचे. त्यांचं उभं आयुष्य कर्नल लिहिण्यात गेलं. कर्नल म्हणजे संगणकात सगळ्यांच्या खाली बसून सगळ्यांचं हवं-नको बघणारा प्रोग्राम. सरांनी लिहिलेलं आज कुठे कुठे चालतंय, ते त्यांनाही सांगता येणार नाही. विचारलं तर म्हणतात, “चालतंय ना? मग झालं.” आता वय झालं, पण सोप्यातला फळा तसाच आहे. जो येईल त्याला शिकवतात. आम्ही दोघं त्यांच्याकडेच शिकलो.

आणि आज भांडत भांडत त्यांच्याकडेच आलो होतो.

भांडण साधं होतं. आमची कंपनी अगदी लहान, मिरजेतल्या एका इस्पितळासाठी खाटेशेजारचे मॉनिटर बनवते. आतलं कर्नल सुयोगचं. पडद्यावर पेशंटच्या हृदयाची रेघ काढणारा प्रोग्राम माझा. आदल्या दिवशी वॉर्डात चाचणी चालू असताना रेघ मध्येच थिजली. सिस्टर हातातलं सगळं टाकून धावली. पेशंट उशीला टेकून आरामात चहा पीत होता. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, गुरुवारी शेवटची संधी. परत असं झालं तर मॉनिटर उचलायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही.

सुयोगचं म्हणणं, चूक माझ्या प्रोग्रामची. माझं म्हणणं, काय वाट्टेल ते!

“हिला सरांनीच सांगावं,” तो म्हणाला. “माझ्या कर्नलनं निरोप दिला होता. हिचा प्रोग्राम बावचळला.”

“मी रेघ काढते रे. तुझे निरोप घेत बसू की रेघ काढू?”

सर हसले. हसताना त्यांचे डोळे मिटतात.

“फळ्यावर दाखव,” ते म्हणाले.

सुयोग उठला. हा माणूस हुशार आहे, हे त्याच्याशी भांडत असतानाही मी सांगेन. पेटीतून पांढरा खडू घेऊन तो असा काही सुरू झाला की मीही राग विसरून बघत राहिले.

“मेमरी तोकडी, सगळं मावत नाही. म्हणून मेमरीचे सारखे तुकडे, म्हणजे पानं, पाडायची आणि काही पानं डिस्कवर ठेवायची. प्रोग्राम एखादं पान मागतो आणि नेमकं तेच जागेवर नसतं. झाला पेज फॉल्ट. प्रोग्राम आहे तिथं थांबतो, कर्नल जागं होतं. कुठला पत्ता मागितला ते बघतं. पान त्याचंच आहे का, तपासतं. कुणाला नको असलेलं एखादं पान बाहेर काढून जागा करतं, डिस्कवरून हवं ते पान आणतं, जागेवर लावतं. माझं कर्नल हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं, सर!”

“झकास,” सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. “मग?”

“मग निरोप.” त्यानं कर्नलपासून प्रोग्रामकडे एक बाण काढला. “तुझं पान नव्हतं, मी आणलंय, पुढं काय करायचं ते तू ठरव.”

“हा निरोप कशाला?”

“कशाला म्हणजे? लपवाछपवी कशाला करायची, सर? एवढं केलं, ते कळायला नको?”

“कुणाला?”

सुयोग फळ्याकडे वळला. मग फळ्याच्या मधोमध ठसठशीत अक्षरात लिहायला लागला, आणि लिहिता लिहिता मान वळवून माझ्याशी हुज्जत घालायला लागला. “हेमांगी, तू फक्त दोन ओळी वाढवायच्यास. निरोप आला की वाचायचा, पुढं जायचं. एवढंसं काम गं! पण नाही, तुला...”

तेवढ्यात त्याच्या बोटातला खडू संपला. उरलेला तुकडा खाली पडला.

त्याचा हात मागं आला, रिकामा, बोटं तशीच धरलेली.

सर उठले होते. कधी उठले, मला कळलं नाही. अनवाणी पायांनी ते त्याच्या मागे गेले, पेटीतला एक खडू त्याच्या बोटात ठेवला, आणि परत येऊन खुर्चीत बसले.

सुयोगचं तोंड माझ्याकडे चालूच होतं. हात फळ्यावर गेला आणि राहिलेलं लिहून मोकळा झाला.

मी तोंड उघडलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

“वाच,” ते सुयोगला म्हणाले.

“‘जे घडलं ते प्रोग्रामला कळलंच पाहिजे.’”

“लिहिताना कुठं थांबलास?”

“मी? कुठंच नाही.”

“नक्की?”

“हो सर. एका दमात लिहिलंय.”

“नीट बघ.”

तो दोन पावलं मागं सरकला...

वाक्याची सुरुवात पांढरी होती. शेवट गुलाबी होता. ‘कळलंच’मधला ‘ल’ तर अर्धा पांढरा, अर्धा गुलाबी.

सुयोगनं हातातल्या खडूकडे बघितलं. मग सरांकडे. मग माझ्याकडे.

“हा... कधी?”

सर पेटीचं झाकण लावत होते.

बाहेर कुणीतरी सायकल टेकवली, पत्रपेटीचं झाकण वाजलं, माणूस निघून गेला. सुयोग फळ्यासमोर उभाच. मला त्याची दया आली. कालपासून त्याला शिव्या घालत होते ती मी.

“त्याच अक्षरापाशी,” तो अखेर पुटपुटला. “जिथं थांबला, तिथंच परत सोडायचं. तेच पाऊल त्याला पुन्हा टाकू द्यायचं...”

“अं.”

“आणि सर, पान त्याचं नसलंच तर? दुसऱ्याच्या मेमरीत हात घालत असेल तर?”

“तू भिंतीवर लिहायला गेला असतास, तर मनगट धरलं असतं.”

सुयोग हसला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं हसू. डस्टर उचलून त्यानं निरोपाचा बाण पुसून टाकला, सरांच्या पायांना हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “चल. तुझ्या प्रोग्रामला हात लावायची गरज नाही.”

याला माफी म्हणायची असते. सुयोगकडून एवढीच मिळते.

गुरुवारी मी ऑफिसात नखं खात बसले. वॉर्डात सुयोग एकटाच गेला.

संध्याकाळी तो सरांकडे आला तेव्हा मी आधीच जाऊन बसले होते. चेहरा बघून काही कळेना. हसतोय म्हणावं तर डोळे लाल.

“सांग की रे बाबा!” मी ओरडले.

“चालला,” तो म्हणाला. “पूर्ण दुपार चालला. मी मुद्दाम मेमरी कमी करून ठेवली होती. फॉल्टवर फॉल्ट, सर! माझ्या लॅपटॉपवर आकडा नुसता पळत होता. आणि वर रेघ... तिला पत्ताच नाही. एक आजोबा होते खाटेवर. झोपले होते. त्यांचं हृदय चाललंय, रेघ चाललीय, खाली माझं कर्नल पानं आणतंय, लावतंय, आणतंय, लावतंय... आणि कुण्णाला काही माहीत नाही. मी तिथं स्टुलावर बसून रडलो, सर. कशाला रडलो, कुणास ठाऊक.”

सर पुढं झुकून ऐकत होते. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आधी कधी बघितला नव्हता.

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

“मॉनिटर राहू दे म्हणाले. बाकी काही नाही.”

“बास?”

“बास.” मग तो जरा ओशाळला. “एक गंमत झाली. पाळी बदलली आणि नवी सिस्टर आली. मला रडताना बघितलं. जवळ येऊन हळूच विचारलं, ‘तुम्ही पेशंटचे कोण?’”

“मग?” सर म्हणाले.

“मी मॉनिटरकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं... शेवटी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणाली, कोणी नाही ना? मग बाहेर बसा, इथं गर्दी करू नका. आणि दिलं की हाकलून!”

मी पोट धरून हसले. सुयोगही हसला.

सर हसले नाहीत. उठून त्याच्याजवळ गेले, आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला.

“घरचा म्हणून सांगायचं की रे, येड्या.”