नथूशेटची भिंत

सांगा बरं, रंगाच्या बाबतीत भरवसा कोणावर ठेवाल, दुकानदारावर की खिडकीवर? येवल्यात रेशीम विकतो मी, तरी म्हणेन, खिडकीवर.

आमच्या नथूशेटनं गोदूबाई विणकरणीच्या घराला खेटून भिंत बांधली. तिच्या हातमागासमोरची एकुलती एक खिडकी बुजली.

"शेट, आता विणू कशी?"

"बल्ब लाव की! उजेड तो उजेड. आणि पोरीच्या लग्नाची हिरवी पैठणी वेळेवर दे."

चार महिन्यांनी पैठणी आली. शेटच्या दिवाणखान्यात पिवळ्या बल्बखाली सगळे वाहवा म्हणाले. मग रिवाजाप्रमाणे शेटाणीनं ती उन्हात नेली आणि किंचाळली. अर्धी हिरवी, अर्धी निळी!

"गोदे, हे काय?" शेट गरजला.

"उजेड तो उजेड ना, शेट? मग अंगणात कशाला नेलीत? लग्न बल्बखाली लावा की!"

शेटाणीनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की संध्याकाळच्या आत भिंत जमीनदोस्त. दुसरी पैठणी त्याच खिडकीशी विणली गेली, दोन्हींचे दाम शेटनं मोजले.

गोदूबाई चुकली की तिनं मुद्दाम चुकवलं, मला विचारू नका. हिरवं-निळं दोन्ही रेशीम माझंच होतं. तुम्ही मात्र रेशीम घ्याल तेव्हा रंग उन्हात पाहूनच ठरवा, खरा तोच.