फाउंडेशनची जागा

दहीहंडीच्या आदल्या दिवशी कोळीवाड्यातल्या बायकांचं गोविंदा पथक सरावाला जमलं होतं. टी-शर्ट वाटायला आलेले नगरसेवक भास्करशेठ स्टेजवरून माइकमध्ये गरजले, "या पथकाचं फाउंडेशन मी आहे! उद्या ट्रॉफी मीच घेणार!"

दहा वर्षं सगळ्यात खालच्या थरात उभी राहणारी हिराबाय तरातरा पुढे आली. "घ्या की! पण फाउंडेशन म्हणजे सगळ्यांचा भार घेतं ते. उतरा खाली, बूट काढा नि माझ्या जागी उभे राहा. वर सहा थर चढवते!"

पोरींनी शिट्ट्या वाजवल्या. शेठ गडबडले. "नको, नको! मी आपला वरूनच बघतो."

"शेठ, वरून बघते ती हंडी!" हिराबाय म्हणाली. "उद्या तिचं आम्ही काय करतो, ते बघायला नक्की या!"