धुनीची राख

"संडासात जाताना चपला बाहेर का काढता गं?"

केतकीनं मुलींना विचारलं. आधी खटकलं ते एवढंच... दाराशी ओळीनं काढून ठेवलेल्या चपला.

मग तिनं त्यांची कपाळं पाहिली. प्रत्येकीच्या कपाळावर राखेचं बोट होतं.

माळावरच्या त्या शाळेत टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नसे. म्हणून केतकीनं बिनपाण्याचा संडास बांधून घेतला होता. उठताना मूठभर राख टाकायची, बाकीचं खड्डा बघतो. कॉलेजात ती हेच शिकली होती. राख शेजारच्या मठातून आणायची, हीसुद्धा तिचीच कल्पना. धुनी बारा महिने पेटलेली, राखेला तोटा नाही.

केतकी संडासातली राखेची बादली उचलून मठात गेली. धुनीवरच्या म्हाताऱ्या माई लाकूड पुढं सारत होत्या.

"माई, मुली ही राख कपाळाला लावतात, नमस्कार करतात नि तशाच बाहेर येतात."

"मग?"

"मग काय... संडास कुणी वापरतच नाही. जावं लागू नये म्हणून मोठ्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. काल प्रार्थनेला एक चक्कर येऊन पडली. आणि असंच चाललं तर शनिवारी हेडसर कुलूप घालणार आहेत."

माईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील. म्हणावं, ही नुसती राख आहे."

"न्हाई सांगनार."

"का?"

"नुसती न्हाई म्हनून."

...

"मग मी घराघरांतून चुलीची मागवते."

"मागीव की. चूल बी कुनाचा तरी देव हायच."

माईंनी बादली ओढली आणि धुनीच्या कडेला उपडी केली. राखेचा लोट उठला. केतकी दचकून मागं सरली.

"पानी पी."

"नको. तहान नाही."

"सकाळपासनं न्हाई?"

केतकीनं तांब्या बाजूला सारला.

"हितं येतीस तवा तू कुठं जातीस गं?"

"मी... संध्याकाळी घरीच जाते ना."

"आन् तवर?"

धुनीतलं लाकूड तडकलं. केतकी पुन्हा दचकली.

"लाकडाला भितीस," माई म्हणाल्या, "आन् पोरींना म्हनतीस, भिऊ नगा."

केतकीनं तांब्या उचलला. संपवला. माईंनी तो पुन्हा भरून दिला. तोही संपला. मग बराच वेळ ती धुनीशीच बसून राहिली.

शेवटी केतकी उठली. घाईनं चालत शाळेच्या कुंपणातून आत शिरली.

मुली संडासासमोर उभ्याच होत्या.

"मॅडम, चपला..." एक हळूच म्हणाली.

केतकी चपलांसकट आत गेली. कडी लावली.

उठताना तिनं राखेसाठी कोपऱ्याकडं हात नेला. कोपरा रिकामा. बादली मठातच राहिली होती.

समोरच्या भिंतीवर तिच्याच अक्षरात रंगवलेलं होतं : राख टाकल्याशिवाय बाहेर येऊ नये.

"राख आणा गं कुणीतरी."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी तिला गप्प केलं.

"मठात बादली आहे... आणता का?"

कुणी हललं नाही. धुनीची राख, आणि ती इथं, आत... कोण आणून देणार?

"अगं, कुणी आहे का?"

आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

...

मग काठी टेकत कुणीतरी आल्याचं ऐकू आलं. दारावर टकटक झाली. केतकीनं कडी काढून दार बोटभर उघडलं. फटीतून आधी सुरकुतलेला हात दिसला, मग बादली. राख अजून ऊन होती.

"माई, ही धुनीची?" मागून एका मुलीनं घाबरत विचारलं.

"व्हय," माई म्हणाल्या. मग फटीकडं तोंड करून, "मूठभर टाक गं. चिमटीनं भागायचं न्हाई."