दुसऱ्या टोकाचा फलंदाज

भालचंद्र जयकर क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले आणि देशासाठी कसोटी खेळलेल्यांची नावे संगमरवरी शिळेवर कोरायचे ठरले. नियम त्यांनीच घातला: ज्याच्या नावावर एक धाव वा एक बळी नाही, त्याला शिळेवर जागा नाही.

या नियमाने एकटे यशवंत धुरंधर वगळले गेले. ते एकच कसोटी खेळले. बळी मिळाला नाही. फलंदाजीला शेवटी आले आणि शून्यावर नाबाद राहिले. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला जयकरांनी आपले एकमेव शतक पुरे केले होते. शिळेवर नाव यावे, एवढी इच्छा मागे ठेवून धुरंधर नुकतेच वारले होते. त्यांच्या पत्नी सुमतीबाई मंडळाच्या बैठकीत गेल्या.

जयकर म्हणाले, "वहिनी, यशवंत माझा मित्र. पण देशाला त्याने दिले काय? भोपळा!"

सभासद हसले.

"भाऊजी, चौकार राहू द्या," सुमतीबाई म्हणाल्या. "पळून काढलेली एक तरी धाव तुम्ही एकटे पळालात का? हे मैदानात आल्यावर पळून काढलेल्या धावा आधी आपल्या शतकातून खोडा. मग यांचे नाव खुशाल गाळा."

त्या धावा खोडल्या तर शतक उरत नव्हते. जयकरांनी मान खाली घातली.

नाव कोरले गेले. अनावरणाच्या दिवशी जयकर हळूच म्हणाले, "वहिनी, आता तरी यशवंत समाधान पावला असेल."

"आजारपणात ते रोज तुमची वाट पाहत होते, भाऊजी. तेव्हा येऊन त्यांनाच विचारायचे होते."

पश्चात्ताप ईश्वर केव्हाही ऐकतो. माणूस मात्र जिवंत असेपर्यंतच ऐकू शकतो.