आडवं माप

प्राणी शेजार धरून राहत, त्या काळची गोष्ट. वाघाच्या धास्तीने त्यांनी उंच कड्यावर घर बांधायचं ठरवलं, आणि वर-खाली करायला दोराचा पाळणा. वानरमिस्त्री एकेकाला उभं करून माप घेऊ लागला, तेव्हा हरिणी चाचरत म्हणाली, "भावजी, कुणाला आडवं न्यायची वेळ आली तर?"

"शुभ बोला, वहिनी! पायाभरणीलाच आजारपण कसलं काढता?"

सगळे हसले. मेलं आपलंच मन चिंताखोर, म्हणून तीही हसली.

पुढे तिचं पाडस घसरलं आणि कंबरेत मोडलं. वैद्य हत्ती खाली, तो वर येणार कसा? आडवं पाडस पाळण्यात मावेना.

"घटकाभर उभं करा ना त्याला," वानर कळवळून म्हणाला.

उभं राहता आलं असतं, तर न्यायचं तरी कशाला होतं? दारात रिकामा पाळणा हलत राहिला.